‘हॅन्डसम’मधला सम आणि आपलं ‘सारखं’

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण सावकाश वाचलं. इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा मराठीत लिहायच्या, हे तू मनावर घेतलंस याचा मला फार आनंद झाला. संस्कृत-मराठी शब्दांच्या व्युत्पत्तीवर हौसेनं बोलणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ भेटतात. ज्या इंग्रजीत आपण दिवसभर वावरतो, तिच्या शब्दांच्या मागे मात्र फारसं कुणी जात नाही. म्हणून तू घेतलेलं काम करण्यासारखं आहे. (हा ‘करण्यासारखं’ लक्षात ठेव, त्याच्याकडे पुढे यायचं आहे.)

‘हॅन्डसम’वरचा मधला परिच्छेद मात्र तुला काढावा लागेल. तू लिहिलंस की हॅन्ड म्हणजे हात, सम म्हणजे थोडंफार. ज्याचा हात देताना सैल सुटतो तो हॅन्डसम, आणि देणारा माणूस सगळ्यांना आवडतो म्हणून पुढे हॅन्डसम म्हणजे देखणा. गोष्ट छान जुळली आहे. पण ती घडलेली नाही. अशी कथा सुचली, की लिहिण्याआधी एक प्रश्न विचारायचा: पहिला अर्थ कोणत्या शतकात सापडतो आणि दुसरा कोणत्या? तुझ्या टिपणात एकही साल नाही. साल नसलेली व्युत्पत्ती म्हणजे अंदाज. अंदाजाला माझी हरकत नाही, पण तो अंदाज म्हणूनच मांडायला हवा.

खरी हकिगत अशी. हॅन्डसम इंग्रजीत पंधराव्या शतकात दिसू लागतो, आणि तेव्हा त्याचा माणसाच्या रूपाशी काहीही संबंध नाही. हाताळायला सोपी, हातात नीट बसणारी, हाताशी असलेली वस्तू ती हॅन्डसम. डच भाषेत याच घडणीचा ‘हान्डझाम’ हा शब्द आजही याच अर्थानं चालतो. इंग्रजीत मात्र सोळाव्या शतकात अर्थ सरकू लागला. वापरायला सोपं म्हणजे सोयीचं, सोयीचं म्हणजे योग्य, योग्य म्हणजे प्रसंगाला शोभेसं. इथून वाटा फुटल्या. रकमेच्या बाबतीत शोभेशी म्हणजे चांगली घसघशीत. इंग्रजीत आजही घसघशीत रकमेला हॅन्डसम म्हणतात. वागण्याच्या बाबतीत शोभेसं म्हणजे मोठ्या मनाचं. हाच अर्थ धरून इंग्रजीत एक जुनी म्हण आहे, की जो चांगला वागतो तोच हॅन्डसम. आणि अंगकाठीच्या, चेहऱ्याच्या बाबतीत शोभेसा म्हणजे देखणा. हा अर्थ सोळावं शतक सरता सरता रुळला.

तुझ्या कथेत उदारपणा आधी आणि देखणेपण त्यातून आलेलं आहे. प्रत्यक्षात दोन्ही अर्थ ‘शोभेसं’ या एकाच मधल्या पायरीवरून निघाले. तू ‘उदार’ हा अर्थ नोंदवलास ते बरोबरच आहे, फक्त त्याची जागा चुकली. नीटपणातून सौंदर्याकडे जाणं आपल्या भाषेलाही नवं नाही. ‘मुलगी नाकीडोळी नीटस आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा ‘नीट’ या शब्दानं तीच वाट धरलेली असते. हे उदाहरण टिपणात घाल; मराठी वाचकाला लगेच पटेल.

आणखी एक. हॅन्डसम पुरुषच असतो, हे तुझं वाक्य आजच्या बोलण्यापुरतं खरं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी कादंबऱ्यांत तरुण नायिकाही बिनदिक्कत हॅन्डसम असते. घर हॅन्डसम असतं, घोडाही असतो. आज बाईला हॅन्डसम म्हटलं तर तिच्या रूपात भारदस्तपणा आहे असं सुचवायचं असतं. शब्दाला असं लिंग नंतर चिकटतं, म्हणून कोणत्या काळाबद्दल बोलतो आहोत ते प्रत्येक वाक्यात सांगत जा.

आता या ‘सम’कडे येऊ. इथे तू घाई केलीस, आणि खरी श्रीमंती नेमकी इथेच आहे.

‘थोडंफार, काही’ या अर्थाचा इंग्रजी सम आणि हॅन्डसमच्या शेपटाचा सम यांचं स्पेलिंग आज एकच आहे. फार मागे गेलं तर दोघांचं मूळही एकच निघतं. पण जुन्या इंग्रजीच्या काळात, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच, दोघांची कामं वेगळी झालेली होती. प्रत्यय असलेला सम कुठल्याही शब्दामागे लागून ‘त्या गुणाचा, त्या स्वभावाचा’ एवढं सांगायचा. ‘विन’ म्हणजे आनंद. आनंद देणारा तो विन्सम. लांबत जाणारा, कंटाळा आणणारा तो ‘लांगसुम’. जर्मन माणूस आजही हळू या अर्थी रोज ‘लांगझाम’ म्हणतो. आज्ञाधारक माणसाला जुन्या इंग्रजीत शब्द होता तो ‘ऐकणं’ या क्रियापदाला हाच प्रत्यय लावून केलेला, आणि जर्मनमध्ये ‘गेहोरझाम’ आजही तसाच उभा आहे. आपणही ‘पोरगा घरच्यांचं ऐकतो’ म्हणजे आज्ञेत राहतो असंच म्हणतो ना?

जर्मन, डच, स्वीडिश, स्कँडिनेव्हियातली जुनी नॉर्स, चौथ्या शतकातली गॉथिक, म्हणजे इंग्रजीच्या या सगळ्या जर्मानिक बहिणींत हा प्रत्यय साम, झाम, सम अशा रूपांत भेटतो. त्याचा अर्थ मुळात ‘तोच, तसाच, एकसारखा’. म्हणजे आपला संस्कृत ‘सम’. समान, समता, समभुज यांतला सम.

मला माहीत आहे, हे वाचताच तुला वाटेल की दोन्हीकडे ‘सम’च ऐकू येतो, मग सिद्ध करायचं काय राहिलं? इथेच थांब. नुसतं ऐकायला सारखं असणं हा पुरावा नव्हे. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ घे. बदनाम, बदमाश यांतला बद म्हणजे वाईट आणि बॅड म्हणजेही वाईट. उच्चार जवळ, अर्थ तोच, आणि तरीही दोघांचं काहीही नातं नाही. फारसी बद त्याआधीच्या रूपात ‘वद’ होता, त्यात ब नव्हताच. इंग्रजी बॅड वेगळ्या वाटेनं आला. हा निव्वळ योगायोग आहे, आणि असे योगायोग हजारो शब्दांच्या दोन भाषांत घडणारच.

मग नातं ठरवायचं कशावरून? ध्वनी कसे बदलतात त्याच्या नियमितपणावरून. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला जिथे स असतो तिथे ग्रीकमध्ये आणि इराणी भाषांत ह होतो. एखाद्या शब्दात नाही, ओळीनं होतो. सप्त घे: ग्रीकमध्ये हेप्ता, फारसीत हफ्त. म्हणून तर मराठीत सप्ताहही आहे आणि हफ्ताही आहे. एकच शब्द दोन दारांनी घरात आला. लॅटिनमध्ये मात्र स टिकतो, सेप्टेम. इंग्रजीतही टिकतो, सेव्हन. आता ‘सम’ला हाच नियम लाव. ग्रीकमध्ये ‘होमोस’ मिळायला हवा आणि तसाच तो मिळतो. होमिओपॅथीच्या दवाखान्याच्या पाटीवर जो ‘होमिओ’ आहे तो याच होमोसपासून झालेला, अर्थ ‘सारखा’. फारसीत ‘हम’ मिळायला हवा. तोही मिळतो: हमदर्द, म्हणजे ज्याचं दुःख आपल्यासारखंच तो. लॅटिनमध्ये स टिकलेला ‘सिमिलिस’. आणि जर्मानिक भाषांमध्ये हा सम, साम. इतक्या भाषा एकाच नियमानं एका जागी येऊन मिळतात तेव्हा योगायोग म्हणायला वाव राहत नाही. संस्कृतचे अभ्यासक असलेले न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच, कदाचित आता नष्ट झालेल्या मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असं म्हटलं. त्याला पुरावा देण्याचं काम पुढच्या शतकातल्या अभ्यासकांनी अशाच एकेका ध्वनीचा माग काढून केलं. संस्कृतातून इंग्रजी निघाली असं मात्र चुकूनही लिहू नकोस. दोघी एका आजीच्या नाती आहेत, एकमेकींच्या लेकी नाहीत.

आता ते ‘करण्यासारखं’.

आपण म्हणतो, बघण्यासारखं ठिकाण, ऐकण्यासारखं गाणं, सांगण्यासारखी गोष्ट. यातल्या ‘सारखं’चा अर्थ काय? ‘समान’ म्हणून बघ, लागणार नाही. गाणं ऐकण्याशी समान कसं असेल? इथे ‘सारखं’ म्हणजे ‘त्या लायकीचं, त्याला साजेसं’. ‘एकसारखी दोन फुलं’ यातला पूर्ण अर्थाचा शब्द ‘ऐकण्यासारखं’मध्ये येऊन जवळजवळ प्रत्यय झाला आहे. जर्मानिक भाषांनी ‘सम’चं जे केलं तेच मराठीनं ‘सारखं’चं केलं. हॅन्डसमचा पंधराव्या शतकातला अर्थ मराठीत सांगायचा तर मी ‘हाताळण्यासारखा’ असाच सांगेन. यात एकही कानामात्रा ओढूनताणून आणलेली नाही.

आणि इतकंच नाही. हा ‘सारखा’ आला संस्कृत ‘सदृक्ष’पासून, प्राकृतातल्या ‘सरिक्ख’वरून. सदृक्ष म्हणजे तसाच दिसणारा: दृक्ष हा दिसण्याचा भाग, आणि सुरुवातीचा ‘स’ तो ‘तोच, एकच’ या अर्थाचा. हा ‘स’ आणि ‘सम’ एकाच धातूचे. म्हणजे हॅन्डसमच्या शेपटात जे बीज आहे तेच आपल्या ‘सारखं’च्या तोंडाशी आहे. दोन भाषांनी हजारो मैलांवर, एकमेकींना न विचारता, त्याच मुळातून निघालेल्या शब्दांची तीच सोय करून घेतली. मी इतकी वर्षं भाषा शिकवते आहे, पण या जागेशी आले की अजून अंगावर काटा येतो. तुझ्या टिपणाचा मध्य हा असावा, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्यय झिजतो कसा, हेही परदेशी उदाहरणांवरून दाखवायची गरज नाही. ‘खोर’ बघ. फारसीत खोर म्हणजे खाणारा. लाचखोर म्हणताना खाणं अजून जिभेवर आहे, कारण मराठीत लाच खाल्लीच जाते. चुगलखोरापर्यंत आलं की खाणं पुसट होतं. आणि भांडखोर? भांडण कुणी खात नाही. तिथे खोरमध्ये ‘त्या खोडीचा’ एवढाच अर्थ उरला. आता गंमत बघ, भांडखोराला इंग्रजीत शब्द आहे क्वारलसम. क्वारल फ्रेंचमधून आलेला आणि मागे लागलेला सम अस्सल घरचा. आपल्याकडे भांडण घरचं आणि खोर फारसीतून आलेला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, त्यात सम बुडाला नाही, उलट नव्या शब्दांना जाऊन चिकटला: ट्रबलसम, अ‍ॅडव्हेन्चरसम. परक्या शब्दाला घरचा प्रत्यय लागू लागला की तो शब्द भाषेत मुरला असं खुशाल समजावं.

या कुळातला मला सगळ्यात आवडणारा शब्द तुझ्या यादीत नाही, कारण त्याचा सम डोळ्यांना दिसत नाही. तो शब्द ‘बक्सम’. जुन्या इंग्रजीत ‘बूगन’ म्हणजे वाकणं. आजचा ‘बो’, कमरेत झुकून नमस्कार करणं, तोच. वाकणारा, लवणारा तो ‘बुहसम’. ह आणि स शेजारी येऊन पुढे एक्स झाला आणि प्रत्यय त्या एक्समध्ये दडून बसला. जर्मनमध्ये ‘बीगझाम’ म्हणजे लवचीक, तो याचाच जोडीदार. इंग्रजीत वाकण्यातून अर्थ निघाला आज्ञाधारक, नम्र. बाराव्या-तेराव्या शतकात हा शब्द बायकांपुरता नव्हता. देवापुढे, राजापुढे, वडीलधाऱ्यांपुढे कुणीही बक्सम असावं अशी अपेक्षा असायची. इंग्लंडात सॅल्सबरीच्या कॅथेड्रलमधून पसरलेल्या सेरम विधीनं लग्नं लागत, तेव्हा वधू नवऱ्याला वचन द्यायची की शेजेवर आणि ताटावर, म्हणजे घरात सर्वत्र, मी सौम्य आणि बक्सम राहीन. १५४९ साली प्रार्थनेचं नवं इंग्रजी पुस्तक आलं आणि त्या वचनात बक्समच्या जागी ‘ओबे’, म्हणजे आज्ञा पाळीन, हा फ्रेंच मुळाचा शब्द बसला.

त्या बदलाच्या आधीपासूनच बक्सम सरकत होता. आज्ञेत राहणारी व्यक्ती म्हणजे मनमिळाऊ, मनमिळाऊ म्हणजे हसतमुख, हसतमुख म्हणजे उत्साही, उत्साही म्हणजे तब्येतीनं ठणठणीत, ठणठणीत म्हणजे अंगानं भरलेली. आज शब्दकोशात बक्समपुढे भरल्या छातीची बाई एवढंच उरलं आहे. यातली एकही पायरी मोठी नाही, कुठेही उडी नाही, आणि तरी पहिली पायरी आणि शेवटची पायरी एकमेकींना ओळखणार नाहीत. पुरुषांनी बायकांकडून काय अपेक्षिलं आणि बायकांत काय पाहिलं, याचा इतिहास या एका विशेषणात आहे. यावर तू स्वतंत्र टिपण लिही. मात्र लिहिताना चवीनं नको, सरळ लिही.

आता काही खाचखळगे सांगते, कारण ते तुला वाटेत लागणारच. ‘नॉइसम’ हा शब्द बघून गोंगाटाचा असा अर्थ लावायचा मोह होतो, आणि भाषांतरांत तो लावलेला मी पाहिला आहे. त्यातला ‘नॉइ’ हा ‘अ‍ॅनॉय’चा, त्रास देणं या अर्थाचा. नॉइसम म्हणजे उबग आणणारा, अपायकारक, बहुधा वासानं. नॉइझशी त्याचा संबंध नाही. गोल्फमध्ये चौघांच्या खेळाला फोरसम म्हणतात, तिथला सम हा प्रत्यय नव्हे; जुन्या इंग्रजीत ‘चौघांपैकी एक’ असं सांगायला आकड्यापुढे जो स्वतंत्र सम येत असे त्याचा तो वंशज. आणि क्रोमोसोम तर या गावचाच नाही. वाल्डायर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८८८ साली ग्रीकमधले ‘क्रोमा’ म्हणजे रंग आणि ‘सोमा’ म्हणजे शरीर हे शब्द जोडून तो घडवला, कारण पेशीतले ते धागे रंग चटकन धरायचे. रायबोसोम, लायसोसोम त्याच पठडीतले.

‘ऑसम’बद्दल तू लिहिलंस की हा अलीकडचा अमेरिकन शब्द आहे. अर्थ अलीकडचा; शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरचा. ‘ऑ’ म्हणजे धाक, देवाच्या किंवा राजाच्या समोर उभं राहिल्यावर वाटतो तसा. जुन्या नॉर्समध्ये त्याचा अर्थ भीती. ऑसम म्हणजे आधी धाकानं भरलेला, मग धाक वाटायला लावणारा. भुरळ पाडणारं, एकदम झकास हा अर्थ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच ‘ऑ’ला ‘फुल’ लागून ‘ऑफुल’ झाला, तोही आधी धाक वाटायला लावणारा, आणि तो उलट्या दिशेनं जाऊन एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘अगदी वाईट’ झाला. एकच मूळ, दोन जवळचे प्रत्यय, दोन टोकांचे अर्थ. प्रत्ययावरून अर्थ काढता येत नाही याला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मराठीतही बघ, ‘भयंकर आवडलं’ म्हणताना भय कुठे असतं? जबरदस्ती वाईट आणि जबरदस्त छान, हे तर एकाच शब्दाचं.

‘फुलसम’बाबत तुला ताकीद देऊन ठेवते, कारण तू कार्यालयीन भाषांतरही करतेस. तेराव्या शतकात त्याचा अर्थ भरपूर. भरपूरवरून गलेलठ्ठ, गलेलठ्ठवरून अति, अतिवरून किळस आणणारं, असं होत होत सतराव्या शतकात तो शब्द वाईट टोकाला गेला. फुलसम स्तुती म्हणजे शिसारी येईल अशी खुशामत. विसाव्या शतकात पुष्कळजण तो पुन्हा ‘भरभरून’ या जुन्या अर्थानं वापरू लागले. आज दोन्ही अर्थ चालतात. म्हणून वाचताना संदर्भ बघ आणि लिहिताना तो शब्द टाळ. कुणाच्या सत्काराच्या बातमीचं इंग्रजी करताना फुलसम घातलास तर निम्मे वाचक भलतंच समजतील.

साधनांबद्दल तू विचारलं होतंस. इंग्रजी शब्दासाठी पहिला आधार ऑक्सफर्डचा मोठा कोश. त्याचा पहिला भाग जेम्स मरे यांच्या संपादनाखाली १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. मरे ते बघायला उरले नाहीत. देशोदेशींच्या स्वयंसेवक वाचकांनी पुस्तकं वाचून कागदाच्या चिठ्ठ्यांवर वाक्यं उतरवून पाठवली, त्यावर तो उभा आहे. त्यात अर्थापेक्षा अवतरणं आधी वाच. प्रत्येक अर्थाखाली सालवार वाक्यं आहेत. सर्वांत जुनं साल वहीत उतरव आणि मगच व्याख्या बघ. हॅन्डसमची नोंद अशी वाचलीस, तर हाताळण्यापासून देखणेपणापर्यंतचा सगळा प्रवास तुझा तुलाच दिसेल, मी सांगायची गरज राहणार नाही. तिथलं पहिलं साल म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे, तो कागदावर सापडल्याची नोंद आहे. बोलण्यात तो आधीपासून असणार. म्हणून ‘पंधराव्या शतकात दिसतो’ असं लिही, ‘जन्मला’ असं नको.

मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश घे, १८५७ची दुसरी आवृत्ती. भारतीय आर्य भाषांच्या तुलनेसाठी राल्फ टर्नर यांचा कोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. टर्नरमध्ये सदृक्षची नोंद काढ. प्राकृतापासून खाली उतरत मराठी, गुजराती, हिंदी अशी सगळ्या बहिणींची रूपं एकाखाली एक दिसतील. संकेतस्थळांवरच्या चटपटीत व्युत्पत्तींवर विसंबू नकोस, विशेषतः ज्या संस्कृतकडे आपल्या सोयीनं ओढलेल्या असतात. अभिमानापोटी केलेली ओढाताण बघून मला वाईट वाटतं; खरी नाती एवढी असताना खोटी कशाला जोडायची?

आता टिपण असं कर. मधला परिच्छेद काढून तिथे हाताळण्यापासून देखणेपणापर्यंतचा क्रम सालांसकट घाल. मग ‘बद’ आणि ‘बॅड’, मग सप्ताह आणि हफ्ता, मग सम, आणि शेवटी सारखं. बक्सम यात कोंबू नकोस. नाकीडोळी नीटस विसरू नकोस. आणि ‘विन्सम’ची नोंद स्वतः काढून बघ: जुन्या इंग्रजीत भरपूर, मग मध्ये उत्तरेकडच्या बोलीत आणि स्कॉटलंडात जपून राहिलेला, आणि तिथून पुन्हा सगळ्या इंग्रजीत परतलेला तो शब्द आहे. ‘ग्रूसम’ही उत्तरेतूनच आला. विन्सम दक्षिणेत का मावळला आणि उत्तरेत का टिकला यावर तुला काय वाटतं ते मला लिहून कळव, पुराव्यासकट.

सुधारलेलं टिपण दिवाळीच्या सुट्टीआधी पाठव, म्हणजे सुट्टीत मला नीट बघता येईल.

तुझ्या,
बाई